पिवळा रंग, लांब केस आणि कोल्डप्ले

कोल्डप्ले हा बँड मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण हल्ली हे वाक्य चारचौघांत उच्चारलं की "याला म्हणे आमरस आवडत नाही" अशा नजरेनं लोक बघतात. त्यांचं-माझं वैर काहीच नाही. मंडळी सज्जन आहेत, सुरात वाजवतात, पर्यावरणाची काळजी वगैरे घेतात. पण त्यांचं कुठलंही गाणं ऐकलं की मला साखर जास्त पडलेला शिरा आठवतो. आधी हळुवार पियानो, मग गिटार, मग ड्रम्सची लाट, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून "ओ-ओ-ओ". दोन घास बरे लागतात, वाटीभर खाववत नाही. आमची हॉस्टेलातली वर्षं डीप पर्पल आणि पिंक फ्लॉइडच्या संगतीत गेली, त्याचाही हा परिणाम असेल.

तरीही जानेवारी २०२४ मध्ये अस्मादिक सिंगापूरच्या नॅशनल स्टेडियममध्ये पन्नासेक हजार भक्तांच्या मधोमध उभे होते. कारण अगदी साधं. लॅबमधल्या चौघांनी मिळून तिकिटं काढली होती, त्यातल्या एकाला ऐनवेळी परगावी जावं लागलं, आणि "तिकीट वाया जाईल" हे वाक्य मराठी मध्यमवर्गीय कानांना सहन होत नाही! कोल्डप्लेनं त्या महिन्यात इथे एक-दोन नव्हे, सहा रात्री कार्यक्रम केले. भारतातूनही बरेच जण विमानानं आले होते, कारण मुंबईत हा बँड त्याआधी वाजला होता तो नोव्हेंबर २०१६ मध्ये, बांद्रा-कुर्ला संकुलातल्या मैदानावर. माझ्या पुढच्याच रांगेत पुण्याचं एक कुटुंब होतं. आई, बाबा आणि दहावीतली मुलगी. बाबांचा चेहरा बघून मला आपला माणूस भेटल्यासारखं वाटलं. तेही माझ्यासारखेच वारीत चुकून सापडलेल्या नास्तिकासारखे उभे होते.

दारातून आत शिरताना प्रत्येकाच्या मनगटावर एक पांढरा पट्टा बांधतात. त्यात छोटे दिवे असतात आणि कार्यक्रमभर ते गाण्याबरहुकूम रंग बदलतात. गाणं आवडत नसलं की इंजिनिअर माणूस यंत्राकडे बघतो, तसा मी तो पट्टाच निरखत बसलो. टीव्हीच्या रिमोटमधून जो अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश निघतो, तोच इथे कामाला येतो. वर टांगलेले खास दिवे हा अदृश्य प्रकाश गर्दीवरून फिरवत नेतात. ज्या पट्ट्यावर तो पडतो, तो पट्टा हुकूम वाचून पेटतो. तुमचा खुर्ची क्रमांक वगैरे त्याला काही ठाऊक नसतं. भिंतीवर कुंचला फिरवावा तसा माणसांवर प्रकाश फिरवतात, एवढंच. कार्यक्रम संपला की पट्टे परत द्यायचे, ते पुढच्या कार्यक्रमात पुन्हा वापरतात. हे सगळं मला गाण्यांपेक्षा कितीतरी जास्त आवडलं, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

मग त्यांचं ते प्रसिद्ध गाणं आलं, ज्याचं नावच 'यलो'. २००० सालचं गाणं. पहिल्या सुरासरशी अख्खं स्टेडियम पिवळंजर्द झालं. पन्नास हजार मनगटं पिवळी, पन्नास हजार गळे एका सुरात. शेजारची सहकारी, एरवी मीटिंगमध्ये दोन वाक्यं बोलायची तर दहा वेळा विचार करणारी, डोळे मिटून गात होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मला गाणं तेव्हाही ठीकठाकच वाटलं. पण हा पिवळा रंग या शहरात बघताना एक जुनी गोष्ट आठवली आणि मग उरलेला वेळ मी तिचाच विचार करत होतो. तीच आज सांगायची आहे.

चिनी भाषेत 'पिवळं' या शब्दाचा एक अर्थ अश्लील, छचोर असा होतो. आपल्याकडे 'पिवळी पुस्तकं' म्हणजे काय हे सांगायला नकोच, तसलंच काहीसं. जून १९५९ मध्ये सिंगापूरला अंतर्गत स्वराज्य मिळालं, ली क्वान यू पंतप्रधान झाले, आणि पहिल्या काही दिवसांतच गृहमंत्री ओंग पांग बून यांनी 'पिवळ्या संस्कृती'विरुद्ध मोहीम उघडली. अश्लील मासिकं गेली, कपडे उतरवण्याचे नाच गेले, पिनबॉलचे अड्डे गेले आणि त्यांच्याबरोबर ज्यूकबॉक्सही गेले. नाणं टाकलं की हवं ते गाणं वाजवणारी ती पेटी. तिच्याभोवती तरुण पोरं जमतात, टवाळक्या करतात, पाश्चात्त्य गाणी ऐकून बिघडतात, असा एकूण विचार. म्हणजे ज्या शहरात पोरांना बिघडवणाऱ्या गाण्यांवर 'पिवळी' असा शिक्का बसला होता, त्याच शहरात पासष्ट वर्षांनी पन्नास हजार लोक पिवळ्या उजेडात न्हाऊन निघत होते, आणि बाहेर पोलीस उभे होते ते फक्त त्यांना रांगेत स्टेशनकडे सोडायला.

मधल्या पासष्ट वर्षांचा इतिहास या स्टेडियमभोवतीच्या दीड-दोन किलोमीटरांत पसरलेला आहे. जवळच पूर्वी 'हॅपी वर्ल्ड' नावाचं करमणूक उद्यान होतं. आपल्या जत्रेसारखं, पण बारमाही. तिथल्या स्टेडियममध्ये १९६१ साली इंग्लंडचा क्लिफ रिचर्ड आणि त्याचा साथीदार बँड 'द शॅडोज' वाजले. ते बघून सिंगापूरच्या पोरांनी गिटारी विकत घेतल्या आणि गल्लोगल्ली बँड निघाले. त्यातल्या 'द क्वेस्ट्स' या शाळकरी पोरांच्या बँडनं १९६४ मध्ये 'शँटी' नावाची धून काढली आणि तिनं इथल्या लोकप्रियतेच्या यादीत चक्क बीटल्सच्या गाण्याला पहिल्या क्रमांकावरून खाली ढकललं. पुढे फेब्रुवारी १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्स आले. ते वाजले गिलमार्ड रोडवरच्या बॅडमिंटन हॉलमध्ये. याच हॉलमध्ये १९६२ साली मलेशियात विलीन होण्याबाबतच्या सार्वमताची मतं मोजली होती. एकाच छपराखाली सार्वमताची मोजणी आणि मिक जॅगर, असा योग फार थोड्या इमारतींच्या नशिबी येतो.

ऑगस्ट १९६५ मध्ये मलेशियातून बाहेर पडून सिंगापूर एकटं पडलं. १९६७ मध्ये तरुणांना सक्तीची लष्करी सेवा लागू झाली. १९७१ पर्यंत ब्रिटिशांनी आपलं बहुतेक सैन्य काढून घेतलं. त्यांच्या तळांवर हजारो लोकांच्या नोकऱ्या होत्या. हातात ना तेल, ना शेती, ना पुरेसं पाणी. परदेशी कारखाने आणायचे तर शिस्तीचे कामगार हवेत, आणि नेमक्या त्याच वेळी अमेरिकेतून हिप्पींची लाट आली. लांब केस, गांजा, नोकरीला लाथ. सरकारनं या तिन्ही गोष्टींची एकच मोट बांधली. गांजा शोधायला वेळ लागतो, कामचुकारपणा मोजता येत नाही, केस मात्र लांबूनच दिसतात!

मग लांब केस म्हणजे किती लांब, याची सरकारी व्याख्या ठरली. कपाळावरून भुवयांपर्यंत येणारे, कान झाकणारे किंवा शर्टाच्या कॉलरखाली उतरणारे केस म्हणजे लांब केस. पोस्टाच्या आणि इतर सरकारी कचेऱ्यांत चित्रांसकट फलक लागले, की लांब केसांच्या पुरुषांचा नंबर सर्वांत शेवटी. सरकारी नोकरांना समज दिली जायची. १९७४ या एका वर्षात अशी समज मिळालेल्यांची संख्या आठ हजारांवर गेली. आमच्या लॅबमधून मागेच निवृत्त झालेले एक चिनी तंत्रज्ञ सांगतात, की पोस्टात जायच्या आधी ते केस पाण्यानं चापून कानामागे बसवायचे आणि कॉलर वर करून मान ताठ ठेवायचे. "तिकिटं चाटताना मान वाकवली की पंचाईत," हे त्यांचं वाक्य. हसत हसत सांगतात. पण त्यांच्या बँडचं काय झालं असं विचारलं तेव्हा हसले नाहीत. एक जण सैन्यात गेला, दुसऱ्याच्या वडिलांनी गिटार विकली, आणि जिथे वाजवायचे ते ठिकाणच बंद झालं. साठच्या दशकातली ती सगळी लाट सत्तरच्या दशकात अशीच ओसरली.

परदेशी पाहुण्यांनाही सूट नव्हती. १९७२ च्या फेब्रुवारीत लेड झेपेलिन इथे वाजणार होते. केसांपायी त्यांना देशात येऊच दिलं नाही. त्याच वर्षी क्लिफ रिचर्डचा कार्यक्रमही केसांवरून रद्द झाला. म्हणजे ज्यानं अकरा वर्षांपूर्वी इथल्या पोरांना गिटारीचा नाद लावला, तोच. जपानचा कितारो हा तर अगदी शांत, ध्यान लावून ऐकायचं संगीत करणारा माणूस. त्याचाही कार्यक्रम १९८४ मध्ये केसांवरूनच बारगळला. लेड झेपेलिनच्या गोष्टीला आपल्या बाजूचा एक धागा आहे. त्याच १९७२ मध्ये त्यांच्यातले जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते. त्यांनी तिथल्या वादकांना घेऊन स्टुडिओत आपली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली आणि कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' नावाच्या छोट्याशा क्लबात वाजवलंसुद्धा. मुंबईत त्यांचे केस कुणी मोजले नाहीत.

पण म्हणून मुंबईकरांनी आणि एकूणच आपण कॉलर ताठ करायचं कारण नाही. आपल्याकडेही असा एक प्रयोग झालाय आणि तो करणारा माणूस आपल्यातलाच, मराठी होता. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. पॅरिसहून डॉक्टरेट घेऊन आलेले, संगीताची खरी जाण असलेले गृहस्थ. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं ते देशाचे माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आकाशवाणीवर सुरू झाला तो त्यांच्याच काळात. कितीतरी गवई-वादकांना त्या काळात आकाशवाणीनं जगवलं. हे ऋण मोठं आहे. पण फिल्मी गाणी मात्र त्यांना सवंग वाटायची, आणि त्यांनी ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवून सिलोन लावलं. १९५२ च्या डिसेंबरात तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सायानींचा आवाज घराघरात पोचला. शेवटी ऑक्टोबर १९५७ मध्ये आकाशवाणीला 'विविध भारती' काढून त्याच गाण्यांना दार उघडावं लागलं.

स्टेडियममध्ये उभा असताना मला केसकरच जास्त आठवत होते. त्या गर्दीत कोल्डप्ले न आवडणारा म्हणून माझी जागा कुठे होती? भक्तांच्या बाजूला नक्कीच नाही. चव म्हणून बघितलं तर मी केसकरांच्याच बाजूचा. "हे कसलं संगीत" हे वाक्य माझ्या डोक्यात त्या रात्री वीसेक वेळा येऊन गेलं असेल. १९५९ च्या मंत्र्यांच्या आणि १९७२ च्या अधिकाऱ्यांच्या डोक्यातही हेच वाक्य असणार. फरक एवढाच, की माझ्या हातात फक्त एक लुकलुकणारा पट्टा होता आणि त्यांच्या हातात शिक्का होता. नावड सगळ्यांनाच असते. ती असायलाही हवी, नाहीतर आवडीला तरी काय अर्थ? पण नावडीच्या हातात शिक्का आला की तिला स्वतःची कारणं थोर वाटायला लागतात. मला शिरा गोड लागतो एवढ्यावर ती थांबत नाही, गोडानं देश बुडेल असं तिला मनापासून पटतं.

मग सिंगापूर बदललं कसं? मंत्र्यांना रॉक आवडायला लागलं का? तसं दिसत नाही. हिशेब बदलला. केसांची मोहीम हळूहळू विरून गेली. १९९३ मध्ये मायकल जॅक्सन जुन्या नॅशनल स्टेडियममध्ये नाचला, आणि त्याचे केस काही कॉलरच्या वर नव्हते. २००० साली सरकारनं 'रेनेसाँस सिटी' नावाचा अहवाल काढला. नुसत्या शिस्तीवर आता भागणार नाही, हुशार माणसं यायला आणि राहायला हवी असतील तर शहरात कला हवी, करमणूक हवी, असा त्याचा सूर. २००२ मध्ये 'एस्प्लनेड' हे मोठं नाट्य-संगीतगृह उघडलं. २०१४ मध्ये हलत्या छपराचं, ५५ हजार क्षमतेचं हे नवं स्टेडियम झालं. कोल्डप्लेनंतर महिन्याभरानंच टेलर स्विफ्टच्या सहा रात्री झाल्या. आग्नेय आशियात ती फक्त इथेच गायली. त्यासाठी सरकारनं तिला आर्थिक प्रोत्साहन दिल्याचं पंतप्रधान ली सिएन लूंग यांनी मार्च २०२४ मध्ये जाहीरपणे मान्य केलं. ली क्वान यू यांचेच चिरंजीव. वडिलांच्या राजवटीनं बँड परत पाठवले, मुलाच्या राजवटीनं गायिकेला पैसे देऊन बोलावलं. दोन्ही वेळी कारण एकच, देशाचं भलं.

यात हसण्यासारखं आहे, पण जरा जपून. स्वागत हिशेबातून आलेलं असेल तर हिशेबाबाहेरच्या माणसाचं काय, हा प्रश्न उरतोच. मार्च २०१९ मध्ये 'वाटेन' नावाचा एक स्वीडिश बँड इथे वाजणार होता. हे ब्लॅक मेटलवाले, सैतान वगैरे विषयांवर गाणारे. मला विचाराल तर कोल्डप्लेच्या शिऱ्यापेक्षाही ते मला अवघड जातं. कार्यक्रमाला परवाना मिळाला होता, फक्त प्रौढांनाच प्रवेश, अशा अटींसह. मग काही ख्रिस्ती मंडळींनी हरकत घेतली, हजारो लोकांनी निवेदनावर सह्या केल्या आणि कार्यक्रमाच्या दिवशीच, काही तास आधी, परवाना रद्द झाला. धार्मिक सलोखा हे कारण दिलं गेलं. अनेक धर्मांच्या या चिमुकल्या देशात ते कारण पोकळ नाही, हे मान्यच आहे. पण सहा रात्री स्टेडियम भरणाऱ्या बँडच्या बाबतीत हे इतक्या चटकन झालं असतं का, असं मनात येतं. छोट्या हॉलमध्ये वाजणाऱ्या बँडच्या मागे हॉटेलं नसतात, विमान कंपन्या नसतात. मागे असतात फक्त काळे टी-शर्ट घातलेले काहीशे भक्त, आणि त्यांची नावड असलेले लोक नेहमीच जास्त असतात.

मुंबईतही निराळं काही घडलं नाही. १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकल जॅक्सन नाचला. पाश्चात्त्य संस्कृतीवर एरवी तुटून पडणाऱ्यांनीच तो कार्यक्रम घडवून आणला होता. करमणूक करातून सूट मिळाली, ती कोर्टात गेली, आणि त्या सव्वातीन कोटींहून जास्त रकमेचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं घेतला तो २०२१ च्या जानेवारीत. चोवीस वर्षं! गाणं दोन तासांत संपतं, हिशेब चालतच राहतो.

त्या रात्री मला एक गोष्ट मात्र बघायला मिळाली, जी घरी बसून दिसली नसती. पन्नास हजार लोकांना जे प्राणाहून प्रिय होतं, ते मला नको होतं, आणि तरी कुणाचं काही बिघडलं नाही. कुणी मला गायला लावलं नाही. मी कुणाला गप्प केलं नाही. शेजारच्या सहकारीनं रडून झाल्यावर नाक पुसत विचारलं, "आवडलं?" मी म्हटलं, "पट्टे छान आहेत." ती हसली, मला पाणी दिलं आणि पुन्हा गायला लागली. हे इतकं साधं वागणं जमायला या शहराला निदान तीसेक वर्षं लागली, आणि कुणाकुणाच्या बाबतीत अजूनही जमलेलं नाही.

जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले नवी मुंबईत आले. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन कार्यक्रम झाले. तिकिटांसाठी देशभर जी झुंबड उडाली ती तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघितली असेल. तेव्हा काही ज्येष्ठ मंडळींचे मला फोन आले होते, "काय रे, एवढं काय आहे त्यांच्यात?" मी सांगितलं, मलाही कळत नाही. मग थोडा वेळ आम्ही दोन्ही बाजूंनी कोल्डप्लेला मनसोक्त नावं ठेवली. त्यातही एक आनंद असतो, आणि तो कुणी सोडू नये. फक्त नातीच्या हातातलं तिकीट काढून घेऊ नये. काढून घेतलंच तर ती सिलोन लावेल, एवढं केसकरांच्या गोष्टीवरून नक्की सांगता येतं.